"घरात कूलर आहे का?" हा एक प्रश्न बाबांपर्यंत पोचायला इतका वेळ का लागला

तिळगूळ (इंदूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

आमचे बाबा 72 वर्षांचे. जन्म रामबागेतला, सगळं आयुष्य इंदुरात. विडी-सिगरेटला कधी हात लावला नाही. 2022 च्या चैत्रात त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. पाऊस पडल्यावर कमी झाला, म्हणून आम्हीही सोडून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. या खेपेला राजवाड्याहून घरी येताना दोनदा ओट्यावर बसावं लागलं. एका ठिकाणी दाखवलं. एक्स-रेत डाग होते, थुंकीत काहीच निघालं नाही, तरी "टीबीच असणार" म्हणून सहा महिन्यांचा कोर्स लावला. बाबांनी एक दिवस चुकवला नाही. वजन उतरलं, तोंडाची चव गेली आणि खोकला होता तिथंच राहिला.

2024 च्या सुरुवातीला दुसऱ्या एका छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. फाइल उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "काका, घरात कूलर आहे का?" बाबा म्हणाले, "अहो, इंदुरात कूलर कोणाकडे नाही?" मग एकामागून एक प्रश्न. जाळी खसची की घासची? शेवटची कधी बदलली? टाकीतलं पाणी काढता की वरून भरत राहता? पलंग कूलरच्या समोर आहे का? खिडकीत कबुतरं बसतात का? खोकला उन्हाळ्यात वाढतो का? हे शेवटचं विचारल्यावर आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. दोन वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नव्हतं.

घरी येऊन मी तो कूलर उघडला. जुना पत्र्याचा, खिडकीत बसवलेला. टाकीच्या तळाशी बोटभर काळा बुळबुळीत गाळ. टुल्लू पंपाच्या जाळीवर शेवाळाचा थर. घासेची पेटी ओढली तर अर्धी घास हातात गोळा होऊन आली, मधोमध राखाडी-पांढरी बुरशी, वास भिजलेल्या पोत्यासारखा. बाबांची उशी त्याच्या बरोबर समोर. मार्च ते जून, रात्रभर.

एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन झाला, पीएफटी, म्हणजे फुंकून घ्यायची फुफ्फुसांच्या ताकदीची तपासणी झाली. निदान हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासातून जाणाऱ्या बुरशीच्या, जंतूंच्या किंवा पक्ष्यांच्या विष्ठेच्या कणांवर काहींच्या फुफ्फुसांची प्रतिकारशक्ती उसळते, आणि तेच वर्षानुवर्षं चाललं तर फुफ्फुसात व्रण धरतात. आम्हाला समजलं ते एवढं.

डॉक्टर म्हणाले, कूलरचा प्रश्न मी कॉलेजात शिकलो नाही. 2017 मध्ये भारतातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी मिळून फुफ्फुसात व्रण धरणाऱ्या अशा आजारांच्या 1084 रुग्णांची नोंद छापली. त्यात जवळजवळ निम्म्यांना, 47.3 टक्क्यांना, हाच आजार निघाला आणि त्यांतल्या 48 टक्के लोकांचा कूलरशी संबंध होता. ते वाचल्यापासून विचारायला लागलो.

2017 साली छापलेलं, 2023 साली बाबांना टीबीचा कोर्स. मधली सहा वर्षं हा प्रश्न कुठे अडकला होता? कोणावर राग काढायला लिहीत नाहीये. संशोधन झालं की ते आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात कसं येतं, वाटेत कुठे थांबतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. तुमच्या घरातलं काही असेल तर सांगा.

सराफाकर

वाचता वाचता उठून आमच्या कूलरची मागची जाळी काढून बघितली. अधिक काही लिहीत नाही. घास किती दिवसांनी बदलायची?

फुंकर (छातीविकारतज्ज्ञ, इंदूर)

तिळगूळ ताई, बाबांना नमस्कार सांगा. मी तुमचे डॉक्टर नाही, पण हेच काम करतो म्हणून लिहितो.

आधी सराफाकरांना: दर हंगामाला नवी घास. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची. नुसतं वरून पाणी भरत राहायचं नाही. हंगाम संपला की ओली घास आत ठेवून कूलर झाकू नका, पुढच्या वर्षीची बुरशी तिथंच तयार होते.

आता एक गोष्ट जपून सांगतो. कूलर मालव्यात घरोघरी आहेत आणि हा आजार घरोघरी नाही. त्या नोंदीत रुग्णांचा कूलरशी संबंध दिसला, पण तेवढ्यावरून प्रत्येकाला कूलरनेच आजार झाला असं सिद्ध होत नाही. म्हणून मी कूलर बंद करायला सांगतो, काही आठवड्यांनी पुन्हा पीएफटी करतो, फरक बघतो. कबुतरं, धान्याची कोंदट कोठी, भिंतीतली ओल, पिसांची उशी, हे सगळंही विचारतो. आणि ज्यांना आजार झालाय त्यांना घास बदलून पुन्हा त्याच कूलरपुढे झोपू देत नाही.

प्रश्न कुठे अडकला, याचं माझ्यापुरतं उत्तर असं: जर्नलमध्ये छापलेलं माझ्या टेबलावर आपोआप येत नाही. एखाद्या रविवारच्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानात, कोणीतरी ते मांडतं, समोर बसलेल्यांपैकी थोड्यांच्या डोक्यात राहतं. सोमवारी बाहेर बाकं भरलेली असतात. तेव्हा कूलरबद्दल सहा प्रश्न विचारायला जी पाच मिनिटं लागतात, तीच आधी कापली जातात. नवी गोळी पोचवायला कंपनीचा माणूस दारात उभा असतो. नवा प्रश्न पोचवायला कोणी येत नाही. शेवटी मी प्रश्नांचा एक कागद छापून टेबलाच्या काचेखाली सरकवला, तेव्हापासून चुकत नाही.

दुसरं म्हणजे टीबी. आपल्याकडे तो इतका आहे की सावलीही टीबीची दिसते. डॉक्टरलाही भीती असते की खरा टीबी हातून सुटला तर? त्यामुळे थुंकी स्वच्छ असूनही कोर्स लागतो. यावरचा उपाय सीबीनॅट, थुंकीत टीबीच्या जंतूचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी. 2010 च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, दोन तासांत टीबी आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही कळतं. आता तसंच, आपल्या देशात बनलेलं ट्रूनॅटही आहे. थुंकी येतच नसेल तर दुर्बिणीतून नमुना घेता येतो. गोळ्या सुरू करण्याआधी "सीबीनॅट झालं का?" एवढं प्रत्येकाने विचारावं.

मिलवाला

डॉक्टरसाहेब, राग मानू नका. दर दोन-चार वर्षांनी तुमचं सांगणं बदलतं. काल हे औषध चांगलं, आज तेच वाईट. सामान्य माणसाला वाटतं, सगळा कंपन्यांचा खेळ आहे.

आणि माझ्या घरातलं सांगतो. वडील इथल्या एका कापड मिलमध्ये, कापूस पिंजायच्या खात्यात. रविवारी सुट्टी, सोमवारी कामावर गेले की संध्याकाळी छाती आवळायची. मंगळवारी, बुधवारी जरा बरं. आई म्हणायची, आळसाने होतं. पुढे रोजच आवळायला लागली. मिल बंद झाली, छाती तशीच राहिली. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं की या आजाराला बायसिनोसिस म्हणतात, आणि सोमवारची खूण विलायतेतल्या गिरण्यांमध्ये 1950 च्या दशकातच नीट नोंदलेली होती. म्हणजे संशोधन होतं. त्या खात्यात उभं राहून कोणी विचारलं नाही, की दादा, सोमवारी काय होतं?

फुंकर

मिलवाला काका, राग कसला. वडिलांबद्दल वाचून गप्प बसलो थोडा वेळ. काका, तुमचा सोमवार आणि ताईंचा चैत्र, दोन्ही एकाच जातीचे प्रश्न आहेत. कधी वाढतं आणि कधी उतरतं.

औषधं बदलण्याबद्दल मात्र तुमच्याशी भांडतो. आयपीएफ नावाचा आजार आहे, फुफ्फुस आक्रसत जातं. आम्ही वर्षानुवर्षं त्यात स्टिरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटाइल सिस्टीन अशी तिन्ही औषधं एकत्र देत होतो. मीही लिहून दिली आहेत. मग अमेरिकेत त्याची नीट चाचणी झाली. 77 जणांना ही औषधं, 78 जणांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. औषध घेणाऱ्यांत 8 मृत्यू, न घेणाऱ्यांत 1. चाचणी मध्येच थांबवली, 2012 मध्ये छापून आलं. आम्ही चांगल्या मनाने देत होतो ते लोकांना मारत होतं. ते वाचल्या दिवशी मी जुन्या रुग्णांची नावं काढून एकेकाला फोन केले. असं बदलायलाच हवं, काका. न बदलणाऱ्या डॉक्टरपासून जपा.

आणि सगळाच पैशाचा खेळ असता तर डेक्सामेथासोन आलं नसतं. 16 जून 2020 ला इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू या औषधाने एक तृतीयांशाने घटले. औषध साठ वर्षांहून जुनं, मोजक्या रुपयांचं. तिथं त्याच दिवशी वापरायचा आदेश निघाला आणि आमच्या वॉर्डातही काही दिवसांत सुरू झालं. जोर लावला तर दिवसांत पोचतं. मात्र ते ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी होतं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नव्हता, आणि निकालाचा हा अर्धा भाग आपल्याकडे वाटेत गळून पडला. घरी बसून लोकांनी स्टिरॉइड खाल्ली. त्यातल्या काहींना पुढे काळ्या बुरशीने गाठलं, ते दिवस मी विसरलेलो नाही.

बडोद्याची लेक

माहेर बडोदं, सासर इंदूर, म्हणून आगंतुक नाही. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर आजोबा रोज कबुतरांना ज्वारी टाकायचे, तेव्हा पुण्याचं काम वाटायचं. हा धागा वाचून आईला फोन केला. तिला दोन वर्षं खोकला आहे. सोमवारी पीएफटीची वेळ घेतली आहे.

पण माझा मुद्दा दम्याचा. मुलगा 15 वर्षांचा. पाच वर्षांपासून निळा पंप खिशात, धाप लागली की दोन फवारे. "रोजच्या पंपाची सवय लागते" असं सासूबाईंपासून केमिस्टपर्यंत सगळ्यांनी सांगितलं, म्हणून स्टिरॉइडचा पंप कधी घेतलाच नाही. गेल्या दिवाळीत फटाक्यांच्या रात्री मध्यरात्री इमर्जन्सीत नेला. ओठ निळे पडले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, 2019 पासून जगभराच्या दम्याच्या मार्गदर्शक सूचना बदलल्यात. 12 वर्षांवरच्या कोणालाही नुसता निळा पंप देऊन सोडायचं नाही, कारण त्याने श्वासनळी तेवढ्यापुरती उघडते, आतली सूज तशीच राहते. आता मुलाकडे ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप आहे. रोजही तोच, धाप लागली तरी तोच. घेतल्यावर चूळ भरायची.

आणखी एक. पाच वर्षांत पंप कसा ओढायचा हे कोणी त्याच्याकडून करून घेतलं नव्हतं. बाईंनी करायला लावलं, तर अर्धं औषध जिभेवर! श्वास पूर्ण सोड, पंपाभोवती ओठ घट्ट मिट, दाबतानाच सावकाश आत ओढ, दहा मोजेपर्यंत रोखून धर. दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसल्या. मला रडू आलं.

फुंकर

त्या बाईंना माझाही नमस्कार. पंप हातात देऊन "करून दाखवा" म्हणणं, एवढ्यानेच कितीतरी जणांचा दमा आटोक्यात येतो. पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमत नसेल त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, मागून घ्यावा. म्हाताऱ्या माणसांना तर हमखास.

निमाडी (खरगोन)

मी टीबीच्या कार्यक्रमात गावोगाव फिरतो. वर "टीबी टीबी" वाचून राहवलं नाही.

टीबीत तर आपल्याच देशातल्या संशोधनाने जग बदललं आहे. पूर्वी टीबी म्हणजे सॅनेटोरियम, डोंगरावरची हवा, वर्षभर पलंग. 1956 मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. दाटीवाटीच्या वस्तीतल्या गरीब रुग्णांपैकी अर्धे सॅनेटोरियममध्ये, अर्धे आपापल्या घरी, औषधं तीच. 1959 मध्ये निकाल आला. घरचेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. खोलीत हवा नाही, पोटभर जेवण नाही, तरी गोळीने काम केलं. त्यानंतर देशोदेशीची सॅनेटोरियमं ओस पडली. आज आम्ही घरी गोळ्या देतो ते त्या मद्रासच्या झोपड्यांतल्या लोकांमुळे.

आणि अलीकडचं, 2023 चं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2800 रुग्णांच्या घरच्यांना, दहा हजारांवर माणसांना घेऊन अभ्यास झाला. निम्म्या घरांत माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्या घरांत नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी, आणि थुंकीतून पसरणारा तर 48 टक्क्यांनी. तांदूळ-डाळीने! रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन ज्यांचं वाढलं त्यांची जगण्याची शक्यताही जास्त निघाली. तेव्हापासून माझ्या पिशवीत वजनकाटा असतो. घरात शिरलो की आधी काट्यावर उभं करतो. टीबी रुग्णाला जेवणासाठी महिन्याला मिळणारे निक्षय योजनेचे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, त्याचा आनंद आहे. पण पैसे खात्यात पडणं वेगळं आणि त्याची डाळ होऊन बाईच्या ताटात पडणं वेगळं. घरात सगळ्यात शेवटी तीच जेवते.

औषधाच्या वाटेचाही हिशोब सांगतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिनला अमेरिकेत 2012 च्या डिसेंबरात मान्यता. ते धरून सहा महिन्यांत संपणारा, पूर्ण तोंडी कोर्स जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सुचवला. आपल्या सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केला. याआधी असे रुग्ण दीड-दीड वर्षं गोळ्या खायचे, त्याआधी रोजची सुई. एक पोरगा सुयांनी बहिरा झालेला मी बघितला आहे. त्याला ही बारा वर्षं कोण परत देणार?

आणि मिलवाला काका, झाबुआ-अलीराजपूरच्या मजुरांचं तर तुमच्या वडिलांसारखंच. गोध्र्याकडच्या गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले, काही महिन्यांत धाप घेऊन परतले. दगडाची भुकटी फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस. तिथंही आधी टीबीच म्हणायचे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये 238 मृतांच्या कुटुंबांना तीन-तीन लाख द्यायची शिफारस केली, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2016 मध्ये आला. त्या भुकटीने माणूस मरतो हे तर त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. पाण्याचा फवारा आणि धूळ ओढणारा पंखा एवढाच इलाज होता.

मिलवाला

निमाडी भाऊ, बहिऱ्या पोराचं वाचलं. माझं "कंपन्यांचा खेळ" मागे घेतो. मागे घेतलं तरी काळजी तीच: वेळेवर पोचत नाही.

खसअत्तर (ग्वाल्हेर)

एक व्यावहारिक प्रश्न. आजी 80 वर्षांची, चुलीचा धूर आयुष्यभर, आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. धाप लागली की ती अर्धा तास लावते, बरं वाटलं की काढते, "विजेचं बिल येतं" म्हणते. बरोबर आहे का हे?

फुंकर

नाही. हे आजीला नक्की समजावा. ज्यांचं ऑक्सिजन आरामातही सतत कमी असतं, सॅच्युरेशन (बोटावरच्या यंत्रात दिसणारं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 88 टक्के किंवा खाली, त्यांना दिवसाचे किमान 15 तास लावला तर आयुष्य वाढतं. 1980 आणि 1981 च्या दोन अभ्यासांनी हे दाखवलं. धाप लागल्यावर अर्धा तास लावून ते मिळत नाही. रात्रीची झोप आणि संध्याकाळची मालिका यातच बारा तास होतात, उरलेले तीन बसवा. उलट 2016 च्या मोठ्या अभ्यासात, ज्यांचं ऑक्सिजन थोडंसंच कमी असतं त्यांना घरी मशीन लावून फायदा दिसला नाही. तेव्हा आजी कुठल्या गटात बसतात ते आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. मशीनचा आकडाही आपल्या मनाने वाढवू नका, सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो.

आजी पूजा करतात का?

खसअत्तर

रोज. नळी लावूनच समई लावते.

फुंकर

आजच थांबवा. ऑक्सिजन चालू असताना ज्योतीजवळ जायचं नाही, गॅसजवळही नाही. नळी, साडीचा पदर, केस, क्षणात पेट घेतात. समई तुम्ही लावा, आजींनी लांबून हात जोडावेत.

खसअत्तर

आत्ताच सांगून आले. चिडली आहे. पण विजेची छोटी समई चालेल म्हणाली.

तिळगूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मिलवाला काकांचा सोमवार ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचेही दोन मित्र मिलमध्ये होते.

बाबांचं आजचं: कूलर मागच्या वर्षीच काढला. स्टिरॉइड हळूहळू उतरवत आता अगदी थोडं राहिलं आहे. खोकला गेला. पण सीटीत काही ठिकाणी व्रण राहिलेत, ते भरणारे नाहीत. वाढले तर निंटेडॅनिब नावाचं औषध देऊ म्हणाले डॉक्टर. अशा वाढत जाणाऱ्या व्रणांमध्येही ते घसरण मंदावतं हे 2019 च्या 663 रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, आणि आता जेनेरिक मिळतं. टीबीचा कोर्स घेत घालवलेल्या महिन्यांत कूलर चालूच होता. त्यातले किती व्रण तेव्हाचे, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारवलं नाही.

सहा मिनिटं चालायच्या टेस्टमध्ये या वेळी बाबा मध्ये थांबले नाहीत. सॅच्युरेशन शेवटी 92. परतताना म्हणाले, रिक्षा नको, राजवाड्यापासून चालू.

फुंकर डॉक्टर, तुमच्या टेबलाच्या काचेखालचा कागद इथे टाकाल का? आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं आहेत, आठही खिडक्यांत कूलर. उद्या रविवार. सकाळी पोहे झाले की सगळ्यांच्या टाक्या उपसायचं ठरलंय, घास आणायला सराफाकर जाणार आहेत. तो कागद मला जिन्यात लावायचा आहे.

फुंकर

टाकतो ताई, आज रात्रीच. मोठ्या अक्षरात करून देतो, जिन्यात उजेड कमी असतो. आणि उद्या गाळ काढताना सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधा. बाबांना त्या वेळी खाली अंगणातसुद्धा येऊ देऊ नका.